मेट्रनबाईंनी न्हाऊ घातलेली गाडी

माणसाला दारूचं व्यसन लागलं तर चार लोक समजावायला येतात. पत्त्यांचं लागलं तर बायको माहेरी जाते. स्वच्छतेचं व्यसन लागलं तर मात्र लोक त्याला सद्गुण म्हणतात आणि त्या सद्गुणापासून चार हात लांब राहतात. मी जवळ गेले. नुसती जवळ गेले नाही, तर त्या सद्गुणाचा पाण्याचा पाइप हातात धरून, डोळ्यांवर काळा गॉगल चढवून भर उन्हात उभी राहिले. तेव्हा मेट्रनबाईंबद्दल लिहायचा हक्क अख्ख्या खांदा कॉलनीत माझ्याइतका कोणाला नाही.

मेट्रनबाई आमच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर राहायला आल्या ते दोन हजार पाच-सहा साल असेल. एका मोठ्या सरकारी इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान कधीच गेलेले. मुलगा मंदार खारघरला टॉवरमध्ये, बायको आणि एका मुलीसह. बाई बुटक्या, रुंद, पदर खांद्याला दोन पिनांनी जखडलेला. रस्त्याने चालताना दोन्ही बाजूंना बघत चालायच्या. डावीकडे भाजीवाला असो नाहीतर उजवीकडे पतपेढी, त्यांच्या नजरेला त्या खाटाच असायच्या, आणि कुठल्याही खाटेवरची चादर त्यांच्या मनासारखी घातलेली नसायची.

सुलभा असं त्यांचं छान नाव होतं. पण सुलभ त्यांच्यात काही नव्हतं, म्हणून ते कोणी वापरत नसे.

आणि अशी बाई राहायला कुठे आली, तर आमच्याकडे! त्या काळी आमच्या भागात धूळ ही पाहुणी नव्हती, भाडेकरू होती. पलीकडे डोंगर फोडून खडी काढत होते, अलीकडे रोज एक नवी बिल्डिंग वर चढत होती, आणि कळंबोलीकडून येणारा प्रत्येक ट्रक आपल्या वाटणीची माती आमच्या खिडक्यांत टाकून पुढे जात होता. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर दुपारी बोटाने सही करता यायची. आम्ही सगळ्यांनी धुळीशी तडजोड केली होती. मेट्रनबाईंनी युद्ध पुकारलं.

"घाण दिसते तिथे नसते, मालती," त्या मला सांगायच्या. "दडलेली असते. वरवरचं पुसणं म्हणजे पेशंटची फसवणूक."

मी मान डोलवायचे. मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, दोन मुलींची लग्नं लावून मोकळी झालेली आणि म्हणूनच काय करावं ते न सुचणारी बाई होते. पन्नाशीतल्या रिकाम्या बाईइतका भोळा प्राणी दुसरा नाही. तिला कोणीही चेली करून घ्यावं. कोणी भजनी मंडळात जातात, कोणी योगासनांना. मी मेट्रनबाईंकडे गेले. त्यांच्या घरी चहा मिळायचा, पण आधी हात धुवायचे, मग कप उकळत्या पाण्यातून निघायचा, मग कप निवेपर्यंत थांबायचं, आणि तेवढ्यात चहा गार व्हायचा. तो गार चहा मी "वा!" म्हणून प्यायचे. आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या कपापेक्षा माझीच बुद्धी उकळून घ्यायला हवी होती.

त्यांना कोणी जिंकलं असेल तर ती आमच्याकडे मासळी घेऊन येणारी गंगूबाय. उरणकडची. पहिल्याच दिवशी मेट्रनबाईंनी तिच्यासमोर जंतुनाशकाचं पांढरट पाणी घातलेली बादली ठेवली आणि म्हणाल्या, "टोपली खाली ठेवायच्या आधी हात बुडव. आणि ते पापलेटही."

गंगूबायने बादलीकडे बघितलं, मग बाईंकडे, मग परत बादलीकडे.

"बाय," ती म्हणाली, "माजा म्हावरा जनमभर दर्यात न्हालाय. तुज्या बालदीत कशाला न्हाईल?"

"दर्यात काय काय वाहत येतं माहीत आहे का तुला?"

"तुमी शेरवाले सोरता त्येच वाहत येतं. आमी कुटं सोरतो?"

आणि टोपली डोक्यावर चढवून ती निघून गेली. त्यानंतर ती आमच्या जिन्यात आली की मेट्रनबाईंच्या दाराशी येऊन मुद्दाम मोठ्याने हाक द्यायची, "बालदीवाल्या बाय, हाय का घरात?" दार उघडत नसे. मी मात्र त्या दिवशी, मेट्रनबाईंना बरं वाटावं म्हणून, पापलेट घेतलं नाही. आमच्या ह्यांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. पापलेटासाठी धरलेला अबोला कसा असतो ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

आता गाडी. ती आली चिऊसाठी.

चिऊ म्हणजे मंदारची मुलगी, तेव्हा सहा-सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. मेट्रनबाईंच्या त्या फिनेलमध्ये मुरवलेल्या काळजात एवढी एकच खाट होती जिथे चादर विस्कटलेली चालायची. चिऊने सोफ्यावर बिस्किट चुरलं तर बाई हसायच्या. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. पण चिऊ खारघरला, बाई खांदा कॉलनीत. मंदारला मुलीला आणून सोडायला वेळ नसायचा. मंदारला कशालाच वेळ नसायचा, तो लोकांचा वेळ वाचवून देणाऱ्या ऑफिसात कामाला होता. बरं, रिक्षाने जावं, तर "रिक्षाची सीट म्हणजे जनरल वॉर्डातली न बदललेली चादर." बसचं नाव काढायची सोय नव्हती. मग बाईंनी साठीच्या उंबरठ्यावर मोटार शिकून घेतली, एक जुनी, पांढरी, छोटी पेट्रोलची गाडी विकत घेतली आणि जाहीर केलं, "आता दर शनिवारी मी चिऊला घेऊन येणार."

मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं की मीही मोटार शिकायचं ठरवलं. पहिली पायरी म्हणून गॉगल घेतला. दुसरी पायरी आजतागायत आलेली नाही.

गाडी आल्या दिवशी त्यांनी ती बाहेरून धुतली, आतून पुसली, चाकांच्या फटी जुन्या टूथब्रशने घासल्या. मग पुढचं बोनेट उघडलं आणि मागे सरल्या.

"मालती, इकडे ये. बघ हे."

मी गॉगल वर करून बघितलं. आत इंजिन होतं. काळं, तेलकट, धुळीने माखलेलं, जसं असतं तसं.

"वरून कशी पांढरीशुभ्र! आणि पोट उघडलं तर हे. असं पोट दिसलं असतं तर आमच्या सर्जननी हात लावला नसता."

"खरंच हो," मी म्हणाले. माझं त्या काळातलं निम्मं आयुष्य "खरंच हो" म्हणण्यात गेलं.

मग साबणाचा फेस झाला, ब्रश फिरला आणि पाइप लागला. पाइप माझ्या हातात. बाई सूचना देतायत, "त्या वायरींच्या मागे... आता त्या खड्ड्यात... अजून, अजून, तिथलं काळं गेलं नाही." मी धार मारतेय. शेवटी इंजिन असं लखलखलं की त्यात तोंड बघून कुंकू लावावं. बाईंनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, आणि ठसकायला लागली. एक ठसका, मग दोन बरे श्वास, मग तीन ठसके. अख्खं धूड थरथरायला लागलं, बोनेट हादरायला लागलं, आणि समोरच्या दिव्यांच्या पाटीवर एक पिवळा दिवा लागला.

जुन्या पनवेलात रऊफचं गॅरेज होतं. त्याला बोलावणं गेलं. रऊफ म्हणजे तोंडाने मोठा शूर. "या पनवेलमध्ये अशी गाडी नाय जिचा मर्ज मला आवाजावरून कळत नाय," असं तो दर दोन वाक्यांआड सांगायचा. पण मेट्रनबाईंसमोर त्याची जीभ आत जायची, कारण लहानपणी त्याला कावीळ झाली तेव्हा तो ह्याच बाईंच्या वॉर्डात महिनाभर पडून होता. सुया कोणी टोचल्या ते तो विसरला नव्हता. त्याने बोनेट उघडलं, लखलखाट बघितला, वाकून प्लगच्या खड्ड्यांत डोकावला. खड्ड्यांत पाणी साचलेलं मलासुद्धा दिसत होतं.

"गाडी मिसिंग मारतेय, बाई," तो म्हणाला. "एक सिलेंडर काम करत नाय. तीनवर चालतेय."

"का?"

रऊफने माझ्याकडे बघितलं, पाइपकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं.

"मौसम," तो म्हणाला.

त्याने खड्ड्यांतलं पाणी टिपलं, वायरी काढून पुसल्या, आणि "गरम हवा मिळाली असती तर..." असं पुटपुटला. मी धावत वर जाऊन माझा केस वाळवायचा ड्रायर घेऊन आले. हा ड्रायर मी टीव्हीवर बातम्या देणाऱ्या एका बाईचे केस बघून घेतला होता. माझे केस तसे झाले नाहीत, पण इंजिनाचे झाले. वायरी वाळल्या, गाडी शहाण्यासारखी चालायला लागली. आता कोणालाही वाटेल, झालं, कळलं. पण मेट्रनबाईंचं डोकं असं सरळ रस्त्याने जात नसे.

"बघितलंस?" त्या मला म्हणाल्या. "वर्षानुवर्षांची घाण आत साठलेली. धुतल्यावर ती सुटते, बाहेर पडते. एरंडेल दिल्यावर पोट गुडगुडतंच की नाही? गुडगुडलं म्हणजे औषध लागू पडलं."

"खरंच हो," मी म्हणाले.

जिन्यात रऊफने मला गाठलं. "आपा, तुमी सांगा त्यांना. पाणी बंद करा म्हणून."

"तूच का नाही सांगत?"

"मी?" रऊफने आपोआप कमरेला हात लावला. "त्यांची सुई अजून दुखते."

असे आम्ही दोघं. एक अख्ख्या पनवेलचा गाड्यांचा धन्वंतरी, आणि एक गॉगलवाली पट्टशिष्या. दोघांनाही दिसत होतं आणि दोघंही मौसमाला बोल लावत होतो.

पुढे तो एक परिपाठच झाला. शुक्रवारी धुणं, कारण शनिवारी चिऊला आणायचं आणि "मुलीला घाणीत बसवायचं का?" शुक्रवारी संध्याकाळी ठसके, मग रऊफ, मग ड्रायर. कधी शनिवारपर्यंत गाडी आपोआप वाळायची आणि चिऊ यायची. कधी वाळायची नाही, आणि मग बाई खारघरला फोन करून "आज मला जरा कामं आहेत" असं सांगायच्या. त्या दिवशी दार उघडायच्या नाहीत. आतून फक्त घासल्याचा आवाज यायचा.

मग मे महिन्याच्या सुट्टीत ते झालं. चिऊ चार दिवस राहायला येणार होती. सुट्टीची सुरुवात म्हणून बाईंनी गाडीला असं न्हाऊ घातलं की जणू बारशालाच न्यायची होती. मीही बरोबर होते. येताना रेल्वेच्या पुलावर, चढावर, मागे ट्रक आणि पुढे ट्रक असताना गाडीने आचके दिले आणि मान टाकली. मागचा ट्रक भोंगा वाजवत अगदी अंगावर येऊन थांबला. आचक्याने चिऊचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. टेंगूळ आलं, दुसरं काही नाही. पण ती इतकी घाबरली की रडायची थांबेना. मंदार मोटारसायकल घेऊन आला. पुलावरच त्याने मुलीला उचललं.

"आई, बस झालं. चिऊ तुझ्या गाडीत परत बसणार नाही."

"अरे, पेट्रोलमध्येच काहीतरी..."

"पेट्रोल, मौसम, काहीही असू दे. जी गाडी कुठे मरेल ते सांगता येत नाही, तिच्यात माझी मुलगी बसणार नाही."

आता मंदारचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण शनिवार-रविवार वेळ नसलेल्या माणसाला त्या दिवशी मोटारसायकल काढून यायला कसा वेळ मिळाला, हे मला विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही. गॉगल लावून उभी राहिले.

मेट्रनबाई त्यानंतर जून ते सप्टेंबर कोणावर ओरडल्या नाहीत. ही फार वाईट खूण होती. गंगूबायसुद्धा एकदा दाराशी थांबून, "बालदीवाली बाय आजारी हाय का?" असं मला विचारून गेली. शनिवारी त्या खिडकीत बसायच्या. चिऊची छोटी खुर्ची रोज पुसायच्या. रोज पुसायच्या आणि तिच्यावर कोणी बसायचं नाही, म्हणून ती त्या घरातली सगळ्यात स्वच्छ वस्तू होती.

नवरात्रात मंदारचा फोन आला. बाईंनी तो मला शब्दशः सांगितला, म्हणजे त्यांनी किती वेळा मनात घोळवला असेल बघा. "आई, दसऱ्याला जेवायला ये. गाडी घेऊन ये. गाडी नीट आली तर दिवाळीची अख्खी सुट्टी चिऊ तुझ्याकडे. नाही आली तर मग तो विषय परत काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या होत्या.

रऊफने जीव ओतून गाडी तयार केली. प्लग नवे, वायरी नव्या. गाडी अशी चालत होती की चालू आहे की नाही ते हात लावून बघावं. देताना त्याने धीर एकवटला. "बाई, आता हिला दसऱ्यापर्यंत बेडरेस्ट. फक्त झाकून ठेवा. कोणी... कोणी हात लावायचा नाय." बेडरेस्ट म्हटल्यावर बाईंनी मान डोलावली. पेशंटच्या भाषेतली आज्ञा त्यांना कळायची. कापड टाकून त्यांनी गाडी झाकून ठेवली. रऊफने मला डोळा घातला. आम्हाला वाटलं, जिंकलो.

दसऱ्याच्या सकाळी मी झेंडूचा हार घेऊन खाली उतरले तर कापड बाजूला पडलेलं, बोनेट उघडं, आणि बाई साबणाचं पाणी ढवळतायत.

"मेट्रनबाई! बेडरेस्ट!"

"संपला बेडरेस्ट. आज पूजा आहे." त्यांनी ब्रश बुडवला. "गाडीची पूजा करायची म्हणजे कशाची करायची? पत्र्याची? चालवतं ते इंजिन. हळदकुंकू त्याला लावायचं. आणि तू मला सांग मालती, पारोशा देवाला फूल वाहतेस का तू?"

"नाही हो, पण..."

"पारोशा अंगाने तू तरी पूजेला बसतेस का?"

"नाही."

"मग पारोशा इंजिनाला हळदकुंकू कसं वाहायचं? आणि त्याच गाडीत चिऊ बसायची आहे!"

यावर उत्तर काय द्यायचं? जगात कुठल्याही गाडीच्या पुस्तकात ह्याचं उत्तर नाही. इंजिन, पाणी, प्लग हे सगळं एका बाजूला, आणि आंघोळ न करता पूजा कशी, हे एका बाजूला. जन्मभर देव धुवून पुसून मगच गंध लावलेली बाई मी. मी पाइप हातात घेतला. इतकंच नाही, "मागच्या अंगाला थोडं राहिलंय," असंही म्हणाले. माझ्या त्या वयाच्या कानाखाली एक ओढावी असं अजून वाटतं.

इंजिन न्हालं. बाईंनी त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या, झेंडू वाहिला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग मी धावत ड्रायर आणला. खटका दाबला. काही नाही. लाइट गेलेले. त्या काळी भारनियमन होतं आणि ते दसराबिसरा काही मानत नसे.

"असू दे," बाई म्हणाल्या, "वाऱ्याने वाळेल."

निघालो. मी शेजारी, गॉगल, मांडीवर आपट्याची पानं. कळंबोलीच्या सर्कलपर्यंत गाडी बरी गेली. हायवेवर झेंडूच्या माळा घातलेले ट्रक आमच्या बाजूने धडधडत जात होते, एकेकाचं तोंड असं काळंकुट्ट की शेवटची आंघोळ कारखान्यात झाली असावी, आणि एकही ठसकत नव्हता. कामोठ्याच्या पुढे आमच्या गाडीला पहिला ठसका लागला.

बाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं. "काही नाही. लांब श्वास घे," त्या म्हणाल्या. मला वाटलं मला. मी घेतला. पण ते गाडीला होतं.

दुसरा ठसका. पिवळा दिवा. "घाबरायचं नाही. मी आहे." तिसरा, चौथा. गाडी आता झोपाळ्यासारखी पुढेमागे होत होती. बाईंनी बोलणं सोडलं आणि नुसते ओठ हलायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी देवाचं नाव घेताना ऐकलं नव्हतं, तिथे बहुतेक घेत होत्या.

खारघरला टॉवरच्या फाटकासमोर मंदार उभा होता. त्याच्या पुढे चिऊ, नवा परकर-पोलका, नवे दोन दात, हात हलवतेय. बाईंनी हात हलवायला स्टिअरिंगवरून एक हात काढला, आणि गाडीने शेवटचा आचका देऊन असा बार काढला की फाटकावरचा वॉचमन खुर्चीतून उठला. मग इंजिन बंद. बोनेटवरचा हार घसरून रस्त्यावर पडला.

मंदार जवळ आला. त्याने बोनेट उघडलं. आत इंजिन लखलखत होतं. स्वस्तिकाचं कुंकू पाण्याने ओघळून खाली आलेलं.

"धुतलंस?" त्याने विचारलं.

"दसरा आहे, मंदार."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडला नाही. "चला, जेवायला," म्हणाला. चिऊने आजीच्या हातावर सोनं दिलं आणि विचारलं, "मग मी दिवाळीला येणार का?" बाईंनी तिचे केस नीट केले. ते नीटच होते.

जेवण झालं. श्रीखंड होतं. बाईंच्या वाटीतलं तसंच राहिलं. दुपारी खाली उतरलो, तोवर गाडी दसऱ्याच्या कडक उन्हात उभी होती. बाईंनी किल्ली फिरवली. एका झटक्यात सुरू. खारघर गेलं, कामोठे गेलं, कळंबोली गेली, गाडी तेलावरून सरकावी तशी चालत होती. एक ठसका नाही, एक आचका नाही. मागची सीट रिकामी. खांदा कॉलनीच्या वळणावर बाई पहिल्यांदा बोलल्या.

"उन्हात होती," त्या म्हणाल्या.

एवढंच.

दुसऱ्या दिवशी रऊफला बोलावणं गेलं. मी मुद्दाम कढीपत्ता मागायच्या निमित्ताने खाली गेले. बाई खुर्चीत ताठ बसलेल्या, रऊफ दारात.

"रऊफ, खरं सांग. काय होतं हिला?"

"मौसम, बाई..."

"रऊफ, सुई काढू?"

रऊफ उंबरठ्यावर टेकला. "पाणी, बाई. पयल्या दिवसापासून पाणीच."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमाला बोलायला गेलेला माणूस परत आलाय का कुटं? अल्ला कसम, मी तर बेडरेस्टसुद्धा सांगितली!"

बाईंनी मान माझ्याकडे वळवली. "आणि तुला माहीत होतं?"

मी गॉगल लावला. घरात होतो आम्ही. तरी लावला.

मला वाटलं, आता बाई म्हणतील, चुकलं माझं. छे! ते शब्द त्यांच्या कपाटात कधी नव्हतेच. त्या उठल्या, पिना नीट केल्या आणि वॉर्डात औषधं फिरवावीत तशा आवाजात म्हणाल्या, "गाडीचं वय झालंय. वय झालेल्या पेशंटला डोक्यावरून न्हाऊ घालायचं नसतं, छातीत पाणी होतं. नुसतं कोरडं स्पंजिंग. आजपासून पाणी बंद. मालती, लक्षात ठेव. तूच फार धार मारतेस."

"खरंच हो," मी म्हणाले. बहुधा शेवटचं.

विषय परत काढायचा नाही, असं कबूल केलं होतं. बाईंनी काढला नाही. मंदारला फोन केला नाही, चिऊचं नाव घेतलं नाही. पण दिवाळीपर्यंत त्यांनी गाडीला पाणी दाखवलं नाही. खडीची धूळ बसत गेली. पांढरी गाडी आधी मळकट झाली, मग राखाडी, मग कुठल्या रंगाची ते आठवेना. बाई गॅलरीत उभ्या राहून तिच्याकडे बघायच्या आणि पदराचं टोक मुठीत पिळायच्या. कोरड्या फडक्याने काचा तेवढ्या पुसायच्या. बोनेट उघडायच्या, आत बघायच्या, डोळे मिटून बंद करायच्या.

नरकचतुर्दशीला पहाटे अख्खी कॉलनी उटणं लावून न्हाली. त्या दिवशी जो न्हात नाही तो नरकात जातो म्हणतात. बाई न्हाल्या, नेसल्या, आणि खाली आल्या. मी वरून बघत होते. नळ तिथेच होता. पाइप तिथेच गुंडाळलेला होता. त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की मलाच घाम फुटला. मग त्या पारोशा गाडीत बसल्या आणि एकट्याच निघून गेल्या. मला "चल" म्हणाल्या नाहीत. पाइप धरणारा माणूस बरोबर नको असेल.

पुढचं मला चिऊने सांगितलं. आजी फाटकाशी आली, वर आली नाही. मंदारला खाली बोलावलं. बोनेट उघडून बाजूला उभी राहिली. मंदारने आत बघितलं. आत धूळ, तेल, काळं कीट, कुठून तरी उडून आलेलं पिंपळाचं वाळकं पान. मंदारने त्या घाणीवरून एक बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. आई दुसरीकडे बघत होती.

"चिऊ," त्याने वर हाक मारली, "चपला घाल."

अख्खी सुट्टी चिऊ आमच्या बिल्डिंगीत होती. फराळाच्या चकलीचे तुकडे सोफ्यावर, रांगोळीचे रंग भिंतीवर. गंगूबाय एकदा दाराशी येऊन "बालदीवाल्या बाय!" म्हणाली तर दार चक्क उघडलं, आणि चिऊसाठी हलवा मासा घेतला गेला. बादली आली, नाही असं नाही. पण गंगूबायनेच हसत हसत एक बोट बुडवलं.

काही वर्षांनी बाई कायमच्या खारघरला राहायला गेल्या. त्यांना मी शेवटचं बघितलं ते त्या दिवशी. सामानाचा टेम्पो पुढे गेलेला. बाई स्वतःची गाडी स्वतः घेऊन निघाल्या होत्या, शेजारी चिऊ, आता माझ्या खांद्याला आलेली. मागच्या काचेवर धुळीत कोणीतरी बोटाने आगगाडी काढली होती, आणि ती बरीच जुनी असावी, कारण तिच्यावरही धूळ बसली होती. मी निरोप द्यायला खाली गेले. बाई म्हणाल्या, "थांब, एकदा बघून घेते," आणि बोनेट उघडलं.

मी वाकून बघितलं. गाडी आली त्या दिवशी होतं त्याहून काळं. मेट्रनबाईंचा चेहरा असा झाला, जसा पापलेट बघून व्हायचा.

"शी!" त्या म्हणाल्या, आणि झाकण लावलं.

मग पार्किंगमधल्या नळापाशी गेल्या. साबण त्यांच्या पर्समध्ये असायचाच. बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, मनगटावरून, थेट कोपरापर्यंत हात धुतले, ऑपरेशनला निघाल्यासारखे. ओले हात वर धरून, कशालाही न लावता, त्या गाडीपर्यंत गेल्या. चिऊने आतून दार उघडलं.

गाडी सुरू झाली. एकदाही ठसकली नाही.